आरशापुढचा अडथळा

परावर्ती दुर्बिणीची आकृती पहिल्यांदा बघणारा माणूस जरा डोकं चालवणारा असेल, तर हमखास विचारतो, "मधे हे काय लटकतंय?" प्रश्न रास्तच आहे. नळीच्या तळाशी मोठा आरसा बसवायचा, तो घासून-पॉलिश करून प्रकाशलहरीच्या अंशापर्यंत अचूक करायचा, त्यापायी एक अख्खा हिवाळा घालवायचा, आणि मग आकाशातून त्याच्याकडे येणाऱ्या उजेडाच्या वाटेत, बरोबर मधोमध, आपल्याच हातानं एक अडथळा टांगायचा. हा अडथळा म्हणजे दुय्यम आरसा. लहान, सपाट, लंबगोल आणि ४५ अंशांत कललेला. त्याला अधांतरी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या सांगाड्याला दुर्बीण करणारे लोक स्पायडर म्हणतात.

आरसा घासण्यावर सगळे भरभरून बोलतात. त्याच्या कार्यशाळा होतात, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तर कितीतरी हौशी लोक ते शिकून गेले. फुकोनं १८५८ च्या सुमारास सुचवलेली ती धारेची चाचणी, अंधाऱ्या खोलीत आरशावर दिसणाऱ्या सावल्या, यांत एक जादू आहे हे मला मान्य आहे. स्पायडरचं काम मात्र शेवटी, नळी रंगवून झाल्यावर, "चार पट्ट्या मारून टाकू" म्हणून उरकलं जातं. माझ्या मते घरच्या दुर्बिणी वाया जातात त्या बहुतेक इथेच. आरसा चांगला असतो, भिंग चांगलं असतं, आणि गुरू मात्र थरथरत असतो.

अडथळा टाळता येत नाही का? येतो. हर्शेलनं टाळला होता. त्याच्या काळी आरसे काचेचे नव्हते, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे होते, आणि चकचकीत असतानासुद्धा ते जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवायचे. दुसऱ्या आरशावर पुन्हा तेवढाच तोटा. म्हणून १७८९ च्या त्याच्या ४० फुटी दुर्बिणीत त्यानं दुय्यम आरसाच काढून टाकला, मोठा आरसा किंचित तिरपा केला आणि नळीच्या तोंडाशी कडेला उभं राहून आत डोकावला. चार फुटी आरशाला हे परवडतं. आठ इंची आरशापुढे माझं डोकं आलं तर आकाशच झाकलं जाईल. म्हणजे आपल्याला न्यूटनचीच १६६८ सालची युक्ती: आरशावरून परतलेला प्रकाश नळीच्या तोंडाजवळ अडवायचा आणि काटकोनात वळवून बाजूच्या भोकातून बाहेर काढायचा.

किती अडवायचा, हा हिशोब सोपा आहे. माझा आरसा २०३ मिलिमीटरचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं) १२०० च्या जवळपास, म्हणजे दोन्हींचं गुणोत्तर सहा. दुय्यम आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, नळीची निम्मी रुंदी आणि फोकसरची (भिंग पुढे-मागे करणाऱ्या नळकांड्याची) उंची धरून, २०० मिलिमीटर. त्याला सहानं भागलं की ३३. प्रकाशाचा शंकू तिथं एवढा जाड असतो. कडेच्या ताऱ्यांनाही थोडा उजेड मिळावा म्हणून वर काही मिलिमीटर धरायचे. मी ४० घेतला. रुंदीच्या हिशोबात हा अडथळा वीस टक्के वाटतो, पण क्षेत्रफळात चार टक्केच भरतो. पट्ट्यांचं क्षेत्रफळ तर एक टक्काही होत नाही.

उद्यमनगरातले माझे मामा (नात्यानं नव्हेत, तिथं वयस्कर कारागिराला मामाच म्हणतात) यांना हा हिशोब पटला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, चंद्राकडं बघिटलं की मधे ह्याची सावली दिसंल की वो."

कोल्हापूरच्या माणसाला ही शंका येणं साहजिक आहे. उजेडाच्या वाटेतल्या अडथळ्याची एवढी चर्चा दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल असं मला वाटत नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. ती मधेच कुठं थांबली की दुसऱ्या दिवशी गावभर कारणमीमांसा: ढग आले, हवेत बाष्प होतं, महाद्वार रोडवर कुणाच्या तरी गच्चीचं बांधकाम वर आलंय. वाटेत काही आलं की पुढे सावली पडते, हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

दुर्बिणीत मात्र तसं होत नाही, कारण मोठ्या आरशाचा प्रत्येक तुकडा स्वतःच अख्ख्या चंद्राची प्रतिमा करत असतो. मधला तुकडा झाकला तर चंद्राचा मधला भाग जात नाही, सगळा चंद्र चार टक्क्यांनी मंद होतो, आणि तेवढा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही. मामांना हे बोलून पटवण्यात अर्थ नव्हता. एका जुन्या दुर्बिणीतून त्यांना तारा दाखवला आणि मग फोकस मुद्दाम बिघडवला. तारा फुगून कडं झाला, मधे काळं वर्तुळ, आणि त्या वर्तुळापासून कडेपर्यंत गेलेल्या पट्ट्यांच्या सावल्या. पुन्हा फोकस आणला की सगळं गायब. मामा दोन-तीनदा स्वतः फिरवून बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे आहे, पर न्हाई."

तरी पट्ट्या आपली खूण सोडतातच. प्रकाश सरळ कडेला घासून गेला की त्या कडेच्या काटकोनात दोन्ही बाजूंना थोडा फाकतो. म्हणून एक पट्टी तेजस्वी ताऱ्याला दोन काटे देते. तीन पट्ट्या १२० अंशांवर लावल्या की सहा काटे. चार काटकोनात लावल्या तर आठ व्हायला हवेत, पण समोरासमोरच्या पट्ट्यांचे काटे एकमेकांवर पडतात, म्हणून चारच दिसतात. हबल दुर्बिणीच्या चित्रांतले ताऱ्यांचे चार काटे असेच येतात. २०२२ च्या जुलैमध्ये जेम्स वेबची पहिली चित्रं आली तेव्हा ताऱ्यांना आठ काटे कसे, असं माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं होतं. तिथं सहा मोठे काटे षटकोनी आरशांच्या कडांमुळे येतात. दुय्यम आरसा धरणाऱ्या तीन दांड्यांचे आणखी सहा, पण त्यांतले चार आरशाच्या काट्यांवर बेतून बसवलेत. उरले दोन, आडवे आणि फिके. एवढ्या मोठ्या यंत्रातही अडथळा गेला नाही, त्याच्या खुणा कुठे पडाव्यात तेवढं ठरवलं गेलं.

हौशी मंडळींमध्ये काट्यांचा भलता धसका आहे. काही जण वक्र पट्टी लावतात. अर्धवर्तुळाएवढा वळसा झाला की फाकलेला प्रकाश सगळ्या दिशांना सारखा वाटला जातो आणि काटे दिसेनासे होतात. दिसेनासे होतात, नाहीसे होत नाहीत. तेवढाच उजेड, किंबहुना कड लांब झाल्यामुळे थोडा जास्तच, ताऱ्याभोवती धुक्यासारखा पसरतो. गुरूच्या पट्ट्यांमधला फरक बघायचा असताना हे धुकं मला काट्यांपेक्षा वाईट वाटतं. काटा कुठे आहे हे निदान ठाऊक असतं. व्याधाचा जोडीदार शोधताना, तो सध्या साधारण ११ आर्क सेकंदांवर आहे (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), काटा नेमका त्याच्यावर आला तर नळी तिच्या पाळण्यात थोडी फिरवायची. नाहीतर तासभर थांबायचं. आकाश फिरतं, काटे नळीबरोबर जागच्या जागी राहतात, आणि जोडीदार आपोआप मोकळा होतो.

पट्टी पातळ करत गेलं तर? जाडी निम्मी केली की काट्यात जाणारा एकूण उजेड निम्मा होतो आणि तो दुप्पट लांबीवर पसरतो. म्हणजे काटा लांब होतो पण पार फिका पडतो. हा सौदा चांगला आहे. फक्त पातळ पट्टी आरसा धरून ठेवणार का, हा खरा प्रश्न, आणि माझ्या लेखी स्पायडरच्या आराखड्यात दुसरा प्रश्नच नाही. काटे दिसले तर दिसोत, आरसा हलता कामा नये.

किती हलू नये याचा आकडा मी मामांसमोर कागदावर काढला. सपाट आरसा जेवढ्या कोनात हलतो त्याच्या दुप्पट कोनात किरण वळतो. तिथून प्रतिमा २०० मिलिमीटरवर. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला एक आर्क सेकंद म्हणजे प्रतिमेच्या जागी ०.००५८ मिलिमीटर. उलटा हिशोब केला तर दुय्यम आरशाची लांबट कड ०.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडची तिकडे झाली की तारा एक आर्क सेकंद सरकलेला दिसतो. शांत रात्री हवा जेवढा थरकाप करते, तेवढा हा आरसा नुसता ०.४ मायक्रॉन हलून करू शकतो. हळूहळू वाकला तर फारसं बिघडत नाही, पुन्हा जुळवता येतो. थरथरला तर इलाज नाही.

मायक्रॉन हा शब्द ऐकल्यावर मामांचा चेहरा बदलला. तोवर हे त्यांच्या लेखी ताईंचं खेळणं होतं. शिवाजी उद्यमनगरात पंपांचे, इंजिनांचे, गाड्यांचे भाग घडवण्यात हयात गेलेल्या माणसाला दहा मायक्रॉनचं ग्राइंडिंग काय असतं हे हातानं ठाऊक असतं. ०.४ म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. मग गावच्या परंपरेनुसार बाबूराव पेंटर निघाले. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणाऱ्या माणसानं सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथंच घडवला, मग आपल्याला चार पट्ट्या जड आहेत काय, असा एकूण सूर. कोल्हापुरात कुठल्याही यंत्राची गोष्ट शेवटी तिथं पोचते, आणि मला त्याची तक्रार नाही.

पट्टीचं गणित असं आहे. नळीच्या लांबीच्या दिशेनं ती २५ मिलिमीटर रुंद आणि आडवी ०.९ मिलिमीटर जाड असली, तर रुंदीच्या दिशेनं ती वाकवणं जाडीच्या दिशेपेक्षा पावणेआठशे पट अवघड पडतं, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो. आकाशाकडून बघितलं तर फक्त ०.९ ची कड दिसते. म्हणजे आरसा पुढे-मागे डुलत नाही. पण पिळाचं काय? चारही पट्ट्या बरोबर केंद्राकडे रोखलेल्या असल्या आणि मधला ठोकळा नळीच्या अक्षाभोवती पिळला, तर चारही पट्ट्या आपल्या मऊ दिशेनं वाकतात. कुणीच ताणलं जात नाही, म्हणून कुणी फारसा विरोधही करत नाही. बाजारातल्या स्वस्त दुर्बिणींत बोटानं ढकलून बघा, ठोकळा डुगडुगतो.

उपाय सायकलच्या चाकात आहे. मागच्या चाकाचे स्पोक हबच्या केंद्राकडे जात नाहीत, त्याच्या कडेला चाटून सुटतात, म्हणून पेडल मारल्यावर हब रिमच्या आत नुसता फिरत राहत नाही. तसंच इथं करायचं. ठोकळा चौकोनी घ्यायचा आणि पट्ट्या त्याच्या बाजूंना, केंद्रापासून सरकवून जोडायच्या: समोरासमोरची एक जोडी घड्याळाच्या दिशेच्या पिळाला ताणली जाईल अशी, दुसरी उलट्या पिळाला. पट्ट्या जोडीजोडीनं समांतरच राहतात, म्हणून काटे चारच. ठोकळा मी २८ मिलिमीटरचा धरला, कारण त्याचा कर्ण ३९.६ येतो आणि ४० च्या आरशाआड तो पुरता लपतो. आराखड्यातली ही एकच गोष्ट मला सुंदर म्हणावीशी वाटते.

पट्टी कसली? मी पॅकिंगच्या पट्टीचा विचार करत होते, मामांनी बँडसॉचं जुनं पातं काढलं. २७ मिलिमीटर रुंद, ०.९ जाड, स्प्रिंगचं पोलाद, आणि वर्कशॉपात बोथट पात्यांना तोटा नाही. ग्राइंडरवर दात काढले की २५ उरतात. अडचण भोकांची, कारण त्या पोलादात साधा ड्रिल चालत नाही. गॅसनं टोकं लाल करून सावकाश गार होऊ दिली तेव्हा भोकं पडली. बाहेरच्या टोकाला एम-५ च्या बोल्टाचं डोकं उडवून चीर पाडली, पातं त्या चिरेत बसवून ब्रेझिंग केलं. नट नळीच्या बाहेरून आवळायचा. त्यानं पातं फक्त ओढलं जातं, पिळत नाही. ताण सारखा झाला का ते टिचकी मारून कानानं ठरवायचं, चारही पात्यांचा आवाज जुळेपर्यंत.

एवढा ताण पत्र्याच्या नळीवर आला तर नळीच अंडाकृती होईल. म्हणून तोंडाशी कडं हवं, आणि कडं हवं म्हटल्यावर कोल्हापुरात ते ओतूनच होतं. पॅटर्नवाल्यानं लाकडाचं कडं करताना सव्वा टक्क्याच्या आसपास मोठं ठेवलं, कारण ॲल्युमिनियम गार होताना तेवढं आकसतं. नंतर लेथवर आतून-बाहेरून एक हात. मी आधी वळवलेल्या पट्टीचं कडं सुचवलं होतं, त्यावर कुणी उत्तरही दिलं नाही.

आरसा ठोकळ्याच्या तिरप्या तोंडावर चिकटवायचा तो सिलिकॉनच्या तीन ठिपक्यांनी, मधे आगकाड्या ठेवून, म्हणजे खाली थोडी फट राहते. सिलिकॉन सुकलं की काड्या ओढून काढायच्या. काच आणि ॲल्युमिनियम थंडीत सारखे आकसत नाहीत. सरळ घट्ट चिकटवलं तर धातू काचेला वाकवतो, आणि सपाट आरसा सपाट राहत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथं वापरू नये, त्यातल्या आम्लाचा आरशाच्या मुलाम्याशी संबंध न आलेला बरा. आरसा केंद्रापासून पावणेदोन मिलिमीटर खाली आणि तेवढाच फोकसरपासून दूर सरकवतात, कारण मोठ्या आरशाकडच्या बाजूला शंकू जाड असतो. डोळ्यानं बघणाऱ्यानं यावर झोप घालवायचं कारण नाही.

वाद झाला तो रंगावर. मामांना पावडर कोटिंग हवं होतं, दिसायला देखणं आणि टिकाऊ. पण पावडरचा थर एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉन बसतो, दोन्ही बाजूंचा मिळून ०.९ ची पट्टी सहज १.०५ होते, वर त्याला चकाकी. शेवटी शाळेच्या फळ्याचा काळा रंग, स्प्रेनं, एकच हात. मामांनी तो मारला, पण "ह्ये काय फिनिश हाय व्हय" हे मला ऐकावं लागलं.

मसाई पठारावर वारा कधी थांबत नाही, म्हणून चाचणी तिथंच घ्यायची ठरवली. दोनशे पट वर्धनावर गुरू लावला आणि नळीला चापट मारली. प्रतिमा हलली, आणि पटकन स्थिरावली. जे काही हललं ते खालच्या पाळण्यातून आलं होतं, हे पाळणा हातानं दाबून धरल्यावर कळलं. काटे होते. चार, लांब, फिके, गुरूच्या कडेबाहेर जेमतेम. रात्र चढली तशी दवाची भीती होती, कारण दुय्यम आरशाची पाठ थेट उघड्या आकाशाकडे असते आणि सगळ्यात आधी तोच गार पडतो. त्याच्या पाठीला दोन लहान रेझिस्टर चिकटवलेत, आणि त्यांच्या वायरी पात्याच्या कडेमागे सरळ रेषेत नेल्यात. वायर पात्याबाहेर डोकावली तर पट्टी बारीक करण्याची सगळी मेहनत फुकट.

आता गडहिंग्लजचे एक शिक्षक बारा इंची दुर्बीण करतायत, नळीऐवजी दांड्यांची. त्यांना एवढं जड कडं परवडणार नाही. मामांनी तारा सुचवल्या, त्यासाठी मोटारसायकलची ब्रेक केबलही काढून ठेवली. केबल अनेक तारांची वळलेली असते, ताणली की लांबते आणि सुटते. एकेरी पोलादी तार पाहिजे. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, त्यामुळे ठोकळ्याला वर चार आणि खाली चार अशा दोन पातळ्यांवर आठ लागतील, नाहीतर तो डुलेल. तीन दशांश मिलिमीटरची तार पुरावी. तसली तार मिरजेला तंबोरे करणाऱ्यांकडे मिळते, वेटोळ्यावर. त्या बाजूला कोण जातंय, हे आता मामा बघतायत.